गढूळ पाण्यापाशी

हे मनन सावकाश वाचायचं आहे. एक परिच्छेद संपला की श्वास घ्या, सोडा, मग पुढच्यावर या. समोर पाण्याचा जुना व्हॅक्युम क्लीनर असेल तर फारच छान. नसेल तर मी सांगत जातो तसा तो डोळ्यांपुढे आणा. आपण तो नीट पाहू, त्यात पाणी भरू, त्याने एक खोली साफ करू आणि शेवटी त्याला धुऊन, सुकवून जागेवर ठेवू. वाचताना एकच प्रश्न मनाशी धरा : काढलेला केर जातो कुठे? उत्तराची घाई करू नका. हातातलं काम पुढे सरकेल तसं ते येईल.

पाहणं

यंत्रापाशी जमिनीवर बसा, म्हणजे ते नजरेच्या टप्प्यात येईल. सगळ्यात खाली छोट्या चाकांची बैठक आहे. तिच्यात पाण्याचं पसरट भांडं बसवलंय. भांड्यावर मोटरचा जड भाग, आणि दोन्ही बाजूंना एकेक खिटी. त्या खिट्या वरचा भाग भांड्यावर घट्ट आवळून धरतात. पुढे नळी लावायचं तोंड. माझ्यासमोर आहे तो रेनबो, डी मालिकेतला.

या घराण्यातलं पहिलं यंत्र रेक्सेअर नावाने १९३६ साली अमेरिकेत आलं. जुन्या जाहिरातींखाली ओहायोमधल्या टोलीडोचा पत्ता असे. रेनबो हे नाव पन्नासच्या दशकातलं. आज कंपनीचं कार्यालय मिशिगनमधल्या ट्रॉयला आहे आणि कारखाना त्याच राज्यात, उत्तरेकडे कॅडिलॅकला. डेट्रॉईटच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला ट्रॉय म्हणजे शेजारचंच गाव. त्यामुळे इथल्या कुणाचं घर आवरून सामान विकायला काढलं की सोफा, झुंबर, ताटवाट्या यांच्यामागे असा एखादा रेनबो हमखास उभा दिसतो.

ही यंत्रं दुकानात मांडून खपलेली नाहीत. विक्रेता घरी यायचा. भांड्यात स्वच्छ पाणी ओतायचा, त्या घरातल्याच गालिच्यावरून आणि गादीवरून नळी फिरवायचा, मग खिट्या सोडून भांडं घरच्यांपुढे ठेवायचा. पाणी काळं झालेलं असायचं. त्यानंतर त्याला फारसं बोलावं लागत नसे. किंमत दणदणीत होती, म्हणून माणसांनी ही यंत्रं जपली. कित्येक दशकांनंतरही ती चालू अवस्थेत हाती लागतात याचं एक कारण हेच.

आता मुठीकडे पाहा. जिथे रोज हात पडत होता तिथलं प्लास्टिक गुळगुळीत झालंय, कडेची नक्षी पुसट झालीय. इथे थोडं थांबा. तुमच्याकडे येण्याआधी कुणीतरी हे वर्षानुवर्षं खोल्याखोल्यांतून ओढलं. त्या हाताचं नाव आपल्याला कळणार नाही, पण त्याची पकड आपल्या तळव्याला लागते. मूठ धरा. तितकाच वेळ धरा जितका ओळख व्हायला लागतो.

पाणी भरणं

केर अडवायला पाण्याआधी कापड होतं, हे ध्यानात घ्या. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं यंत्र पाहिलं आणि त्याच्या मनात आलं की हवा उलट ओढली तर? एका रेस्टॉरंटमधल्या मऊ खुर्चीच्या पाठीला तोंड लावून त्याने हवा ओढून पाहिली. धुळीने जीव घाबराघुबरा झाला, पण कल्पना खरी ठरली. पुढे ओहायोच्या कँटन गावात जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक सफाई कामगार दम्याने बेजार होता. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरतं यंत्र तयार केलं. त्याचं पेटंट १९०८ चं. त्याचा अभ्रा हीच पुढच्या सगळ्या पिशव्यांची आई.

कापडाच्या पिशवीतून हवा बाहेर पडते आणि धूळ आत राहते. पण जसजशी धूळ साठते तसतशी कापडाची छिद्रं बुजतात, ओढ मंदावते, आणि जी बारीक धूळ विणीतून निसटते ती पुन्हा त्याच खोलीत उतरते. या अडचणीवर रेक्सेअरने काढलेला मार्ग म्हणजे पाणी.

भांडं बैठकीतून उचला आणि नळाखाली धरा. साधारण दोन लिटर पाणी लागतं. आत खुणेचा उंचवटा असतो. पाणी त्याच्या माथ्यापर्यंत आलं की नळ बंद करा. कमी भरलं तर धूळ पुरती भिजत नाही. जास्त भरलं तर पाणी वर मोटरकडे जायला पाहतं. म्हणून ओतताना दुसरीकडे पाहू नका. पाणी वर चढताना पाहत राहा, आणि खुणेला टेकलं की हात थांबवा. एवढं लक्ष दिलंत की पुढचं अर्धं काम बिनघोर होतं.

आपल्याकडे हे शहाणपण जुनंच आहे. अंगण झाडण्याआधी पाण्याचा सडा टाकायचा, म्हणजे धूळ उडत नाही, जागच्या जागी बसते आणि केरसुणीबरोबर निमूट येते. या यंत्रात तोच सडा एका भांड्यात कोंडलाय, आणि अंगणच वाऱ्यावर बसून त्याच्याकडे येतंय.

ऐकणं

खिट्या लावा. प्लग लावा. बटण दाबण्याआधी एक श्वास.

सुरू झाल्यावर लगेच कामाला लागू नका, आधी ऐका. वरचा आवाज मोटरचा, एकसुरी आणि चढा. खालचा आवाज पाण्याचा, खळखळणारा, भांड्याच्या भिंतींना घासत फिरणारा. हवा नळीतून वेगाने येते, पाण्यावर आदळते, पाण्याला गरगर फिरवते. धुळीचे कण भिजतात, जड होतात, पाण्यातच राहतात. मग हवा वर जायला निघते आणि तिथे तिला सेपरेटर अडवतो. मोटरच्याच दांड्यावर बसवलेली, उभ्या बारीक फटी असलेली ही वाटी प्रचंड वेगाने फिरते. हवा फटींतून आत शिरते. हवेबरोबर आलेले पाण्याचे थेंब आणि ओले कण मात्र त्या वेगाने बाहेर फेकले जातात आणि पुन्हा भांड्यात पडतात. वर जाते ती धुतलेली हवा.

जुनी यंत्रं जमवणारी मंडळी या आवाजावरून यंत्राची प्रकृती ओळखतात. किंचाळल्यासारखा सूर लागला तर बेअरिंग कोरडं पडलंय. आवाज अडखळत असेल आणि जळकट वास येत असेल तर मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजून टोकाला आलेत. मधूनच शिटी ऐकू आली तर भांडं आणि मोटर यांच्यामधलं रबरी गॅस्केट वयाने कडक होऊन कुठेतरी हवा सोडतंय. या तिन्ही दुखण्यांना उपाय आहे, आणि तिन्ही आधी कानाला कळतात, मग डोळ्याला.

डोळे मिटा. दोन्ही आवाज वेगवेगळे ऐका, आधी वरचा, मग खालचा. आता दोन्ही एकत्र ऐका. कामाला बसताना आपल्यालाही असं थोडं ऐकून घेता येतं : श्वास कसा चाललाय, खांदे आवळलेत का, मन कुठे किंचाळतंय का. तपासून घ्या, मग उठा.

फिरवणं

नळी हातात घ्या. गालिच्यावरून पुढे न्या, मागे आणा. तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने. गालिच्याचा तळ उभ्या धाग्यांच्या मुळाशी असतो. तिथली रेती वर यायला वेळ लागतो. वर आली की नळीत बारीक कडकड ऐकू येते. त्या जागी आणखी एकदा जा. कडकड थांबली की पुढे सरका.

ज्या घरांत आपण वाढलो तिथे फरशी होती, शहाबादी नाहीतर मोझॅक. केरसुणी आणि ओलं फडकं पुरायचं. अमेरिकन घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आला आणि धुळीला राहायला कायमचं घर मिळालं. ती आपल्या पायाखाली असते, पण दिसत नाही. त्यात अंगणातली माती आहे, चपलांनी आणलेली. कपड्यांचे तंतू आहेत. वसंतातले परागकण आहेत. केस आहेत, आणि आपल्याच कातडीचे सुकून गळलेले पापुद्रे आहेत. घरातल्या धुळीत घरातल्या माणसांचाही वाटा असतो. ज्या खोलीत कुणी राहत असतं तिथे ती साठतच राहते, आणि ती साठते यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पलंगाखाली नळी जाऊ द्या. सोफ्याच्या बेचक्यात जाऊ द्या. जिथे सहसा हात जात नाही तिथे आज सावकाश पोचा.

निसटणं

पण सगळीच धूळ पाण्यात राहत नाही. आता भांड्यातल्या एका बुडबुड्याची कल्पना करा. आत हवा, भोवती पाणी. त्या हवेत धुळीचे दोन कण आहेत, एक मोठा, एक अतिशय बारीक. बुडबुडा वळला की मोठ्या कणाला त्याच्याबरोबर वळता येत नाही. तो आपल्याच भरात जाऊन पाण्याच्या भिंतीला चिकटतो. बारीक कण मात्र हवेबरोबर वळतो, फिरतो, मधोमध तरंगत राहतो. बुडबुडा फुटला की तो कोरडाच बाहेर पडतो. तो पाण्यातून गेला, पण पाण्याने त्याला शिवलं नाही.

म्हणून पुढच्या काळातल्या यंत्रांत बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेवर हेपा फिल्टर आला. हेपाचं प्रमाण ०.३ मायक्रॉन आकाराच्या कणांवर मोजतात आणि त्यातले ९९.९७ टक्के त्याने अडवले पाहिजेत, अशी अट असते. जुन्या यंत्राला ही जोड नसते. घरात कुणाला दमा असेल, धुळीची ॲलर्जी असेल, तर त्याच्या खोलीत नवं यंत्रच वापरा. जुनं चालवताना खिडक्या उघड्या ठेवा. आपल्याला जे प्रिय आहे त्याची मर्यादा नीट माहीत असणं हाही प्रेमाचाच भाग आहे. ती माहीत असली की त्या वस्तूकडून आपण भलतं काही मागत नाही.

बुडबुड्यापाशीच अजून थोडं थांबा. आजचा दिवस आठवा. किती गोष्टी तुमच्यातून गेल्या? कुणी काही सांगत होतं, जेवणाला चव होती, खिडकीबाहेर ऊन बदललं. त्यातलं तुम्हाला काय शिवलं? आठवतं तेवढंच आठवा. निसटलेल्याचा पाठलाग नको. उद्या थोडं हळू चाललात तर थोडं जास्त शिवेल.

उघडणं

बटण बंद करा, प्लग काढा. आवाज उतरत उतरत थांबू द्या. आतली वाटी फिरायची थांबली की खिट्या सोडा आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवा.

भांड्यात पाहा. मघाशी नितळ असलेलं पाणी आता राखाडी-तपकिरी झालंय. वर तंतूंची मऊ साय आली आहे. केसांची एक गुंतवळ कडेला लागली आहे. भांडं किंचित तिरकं करा. तळाशी बसलेली रेती एका बाजूला सरकते आणि तिच्यातले एक-दोन कण चमकतात. कधी एखादं बटण सापडतं, कधी कानातल्याची फिरकी. गालिच्यात कधीकाळी वापरलेल्या साबणाचा अंश असेल तर वर फेस दिसेल. काम चालू असतानाच फेस वाढू लागला तर थांबून पाणी बदलायचं, नाहीतर तो मोटरपर्यंत चढतो.

नाक मुरडू नका. हे तुमचंच घर आहे, पाण्यात उतरलेलं. सकाळी हे सगळं तुमच्या पायाखाली होतं आणि तुम्ही त्यावरून चालत होतात. पिशवीच्या यंत्रात ते महिनोन्‌महिने कपाटात बसून राहिलं असतं आणि तुम्ही ते विसरलाही असता. पाणी विसरू देत नाही. ते आजच्या आजच बाहेर काढावं लागतं, कारण उद्यापर्यंत ठेवलं तर घाण वास सुटतो.

सुरुवातीला धरलेला प्रश्न आता मनात आणा. केर कुठे जातो? आपण नेऊ तिथे जातो. भांडं दोन्ही हातांनी उचला, हिंदकळू न देता चाला. स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नका, केसांनी ती तुंबते. केस आणि तंतू चिमटीने काढून कचऱ्यात टाका. उरलेलं पाणी शौचालयात ओता, किंवा त्यात साबण-सुवास घातलेला नसेल तर अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी. ओतताना पाहत राहा. माती मातीकडे निघाली आहे आणि ती तिथवर पोचवणारे तुम्ही आहात.

धुणं

इथे बहुतेकांना वाटतं की काम संपलं. खोली स्वच्छ दिसते, पाणी ओतून झालं, आता बसावं. या मननाचा गाभा मात्र याच्या पुढे सुरू होतो.

भांडं विसळा. कोपऱ्यांतून बोट फिरवा. बुळबुळीत लागेल तिथे पुन्हा धुवा. आता मोटरचा भाग आडवा करा, प्लग काढलाय ना हे पुन्हा पाहा, आणि सेपरेटर खोला. तो तळहातावर घ्या. हलका आहे. उभ्या फटींकडे उजेडात पाहा : काही फटींत करडा लेप बसलाय, एका फटीत एक लांब केस विणल्यासारखा आडवा-उभा गेलाय. छोटा ब्रश घ्या आणि फटीच्या दिशेने वरून खाली फिरवा. एक फट, मग तिच्या शेजारची. आतल्या बाजूनेही. केस ओढू नका, टोक शोधा आणि उलगडत काढा. उजेड प्रत्येक फटीतून आरपार दिसू लागला की झालं. एवढ्याशा फटी बुजल्या तर थेंब नीट फेकले जात नाहीत, ओली धूळ वर मोटरकडे जाते, आणि कित्येक वर्षं चाललेलं यंत्र थोड्याच दिवसांत आजारी पडतं. जी यंत्रं भंगारात गेली त्यांतली पुष्कळशी या एका कामाच्या कंटाळ्यापायी गेली असतील.

मग कोरड्या फडक्याने सगळं पुसा. भांडं उपडं घाला. मोटर भांड्यावर चढवून ठेवू नका. मधे ओल कोंडते आणि बेअरिंगला खाते. दोन्ही वेगवेगळी, हवेशीर ठेवा.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो आणि तिला हळद-कुंकू वाहतो. खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून मांडतो. परदेशातल्या मराठी घरांत त्या दिवशी मोटारीला हार घालतात. या यंत्रालाही एक फूल मिळायला हरकत नाही. पण त्याची खरी पूजा दर वापरानंतरची आहे, ब्रशाने, फटीफटीतून. दुसऱ्याला स्वच्छ करणारं साधन स्वच्छ झाल्याशिवाय स्वच्छता पुरी होत नाही. स्वयंपाकानंतर ओटा, शेतावरून आल्यावर नांगर, लिहून झाल्यावर टेबल, आणि दिवसभर इतरांची दुखणी ऐकणाऱ्याचं स्वतःचं मन. आपल्या आयुष्यातलं असं कुठलं साधन न धुता ठेवलं जातंय, हे आत्ता शांतपणे पाहा. एकच आठवलं तरी पुरे.

जपणं

अशी यंत्रं जमवणारे लोक अमेरिकेत आणि युरोपात ठिकठिकाणी आहेत. त्यांचे क्लब आहेत, आणि मिसुरी राज्यातल्या सेंट जेम्स गावात तर व्हॅक्युम क्लीनरचंच संग्रहालय उभं राहिलं. कुणाला जुनी रेक्सेअर हवी असते, कुणाला रेनबोची ठरावीक मालिका, कुणाला स्लोव्हेनियातली हायला. काहींच्या आठवणीत लहानपणीचं घर आणि त्यातला हाच आवाज असतो. काहींना उघडता येणारी, दुरुस्त होणारी वस्तू आवडते : चार स्क्रू काढले की आत काय चाललंय ते कळतं, कार्बन ब्रश बदलले की ती पुन्हा कामाला लागते.

तुम्हाला जमवायची असतील तर शेल्फवर मांडण्यासाठी घेऊ नका. न वापरलेलं गॅस्केट लवकर सुकतं, न फिरलेलं बेअरिंग अडकतं. दोन असतील तर आलटून पालटून वापरा. घेताना सेपरेटर खोलून पाहा, वायर सगळीकडून वाकवून पाहा, जुनी चिरलेली वायर असेल तर आधी ती बदलून घ्या. पुण्याला किंवा नागपूरला न्यायचं असेल तर लक्षात ठेवा की अमेरिकन यंत्र १२० व्होल्टचं आणि आपल्याकडे घरात २३० येतात. त्याची ताकद पेलेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. कार्बन ब्रशच्या मोटरला ६० ऐवजी ५० हर्ट्‌झचा त्रास होत नाही.

आणि एक दिवस ते दुसऱ्या कुणाच्या हाती द्याल. तेव्हा नुसतं यंत्र देऊ नका. घेणाऱ्याला समोर बसवा. पाणी खुणेपर्यंत त्याला भरू द्या, काळं पाणी त्यालाच उचलून न्यायला सांगा, सेपरेटर त्याच्या तळहातावर ठेवा आणि पहिली फट तुम्ही घासून दाखवा, बाकीच्या त्याला घासू द्या. ब्रश, जादा गॅस्केट आणि कार्बनची जोडी पिशवीत घालून बरोबर द्या. लोखंड आणि प्लास्टिक कुणीही विकत घेऊ शकतं. धुण्याची रीत एका हाताने दुसऱ्या हाताला द्यावी लागते, आणि ती मिळाली तरच हे यंत्र पुढच्या घरात नांदेल.